इंधन पंपाचे दोषनिदान (पिकअप ट्रक)

हा लेख वाहनाच्या टाकीतून इंजिनाकडे इंधन पोहोचवणाऱ्या पंपाविषयी आहे. इंधन विकणाऱ्या केंद्रालाही मराठीत 'पंप' म्हणतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकमधील विजेचा इंधन पंप चालेनासा झाला असता, दोष पंपातच आहे की पंपाला वीज पुरवणाऱ्या परिपथात आहे, हे क्रमाने तपासून ठरवण्याच्या प्रक्रियेस इंधन पंपाचे दोषनिदान म्हणतात. पंप बंद असला की सेल्फ फिरतो, इंजिन गरगरते, परंतु सुरू होत नाही. हे लक्षण दिसताच पंप निकामी झाला असे गृहीत धरून नवा पंप बसवण्याचा प्रघात बराच रूढ आहे. वस्तुतः बॅटरी, फ्यूज, रिले, नियंत्रक संगणक, तारा, कपलर आणि चासीला जोडलेली अर्थची तार अशा साखळीतील पंप हा केवळ एक दुवा होय. यांपैकी कोणताही दुवा तुटला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. टाकी उतरवण्याचे काम खर्चिक असून पेट्रोलच्या वाफेमुळे धोक्याचेही असते. म्हणून ते सर्वांत शेवटी आणि पंपच दोषी असल्याची खात्री पटल्यावर करावे, हा या पद्धतीचा मुख्य दंडक आहे.

पार्श्वभूमी

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये 'मॉडेल टी'वर आधारित, कारखान्यातच मालवाहू हौदा बसवलेली पिकअप बाजारात आणली. तिला इंधन पंप नव्हताच. टाकी आसनाखाली, म्हणजे कार्बोरेटरपेक्षा उंचावर असे आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला की इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होई. तेव्हा चालक गाडी वळवून उलट्या दिशेने चढ चढवीत. पुढे इंजिनाच्या कॅमवर हलणाऱ्या पडद्याचे यांत्रिक पंप आले. ते सुमारे ४ ते ६ पौंड प्रति चौरस इंच (यापुढे पीएसआय) इतकाच दाब निर्माण करीत आणि कार्बोरेटरला तेवढा पुरेसा होता. हा पंप डोळ्यांसमोर, इंजिनाच्या बाजूला बसवलेला असल्याने त्याची परीक्षा सोपी होती: नळी सोडवायची, सेल्फ मारायचा आणि पेट्रोलची पिचकारी येते की नाही ते पाहायचे.

इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण आल्यावर हे चित्र पालटले. बॉशच्या 'डी-जेट्रॉनिक' प्रणालीचा वापर १९६७ पासून फोक्सवॅगनच्या मोटारींत होऊ लागला. अशा प्रणालीत इंजेक्टरपुढे सतत आणि ठरावीक दाबाने इंधन हवे असते. ते काम विजेच्या पंपाकडे आले. अमेरिकी पिकअपमध्ये हे स्थित्यंतर प्रामुख्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. भारतात २००० सालच्या सुमारास उत्सर्जनाच्या मर्यादा कडक झाल्यावर कार्बोरेटर मागे पडत गेले. पंप टाकीच्या आत गेला आणि नजरेआड झाला. आजच्या दोषनिदानातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका बदलात आहे.

रचना आणि कार्य

टाकीतील पंप ही एक लहान, दिष्ट प्रवाहावर चालणारी मोटर असते. तिच्या दांड्यावर चकतीच्या आकाराचा, कडेला बारीक पाती असलेला प्रेरक बसवलेला असतो. खालच्या बाजूस जाळी, वरच्या बाजूस एकमार्गी झडप आणि अतिदाब झाल्यास उघडणारी दुसरी झडप असते. एकमार्गी झडपेमुळे गाडी बंद केल्यावरही नळीत दाब टिकून राहतो. पंप, जाळी आणि पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगक असा सगळा संच एका प्लास्टिकच्या भांड्यात बसवून टाकीच्या वरच्या भोकातून आत सोडतात.

विजेची मोटर पेट्रोलमध्ये बुडवलेली असते, हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटते. पेट्रोल या मोटरच्या आतूनच वाहते, तिला थंड ठेवते आणि वंगणाचेही काम करते. मोटरच्या ब्रशांवर ठिणग्या उडतात, तरी पेट लागत नाही. कारण ज्वलनाला लागणारी हवा तेथे नसते. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेट घेते. बंद टाकीतील वाफेचे प्रमाण सामान्यतः याहून बरेच अधिक असते. टाकी उघडली किंवा रिकामी केली की हे संरक्षण उरत नाही, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावी लागते.

दाबाचे प्रमाण प्रणालीगणिक बदलते. जनरल मोटर्सच्या थ्रॉटल बॉडी अंतःक्षेपण असलेल्या पिकअपना ९ ते १३ पीएसआय पुरत असत. १९९६ पासूनच्या त्याच कंपनीच्या व्होर्टेक इंजिनांना ६० ते ६६ पीएसआय लागू लागले. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या गाडीत थकलेला पंपही काही काळ निभावून नेतो, तर दुसऱ्या प्रकारात दाब थोडा उतरला तरी इंजिन सुरू होत नाही. पंप 'चालत नाही' आणि पंप 'चालतो, पण दाब देत नाही' या दोन भिन्न तक्रारी आहेत. दुसरीची परीक्षा दाबमापक लावून करतात. प्रस्तुत लेखाचा विषय पहिली आहे.

वीजपुरवठ्याचा परिपथ

चावी फिरवताच पंप सतत चालू राहतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. चावी 'ऑन' केल्यावर नियंत्रक संगणक पंपाचा रिले साधारण दोन सेकंद ओढून धरतो, नळीत दाब तयार होतो आणि रिले सुटतो. इंजिन फिरत असल्याचा संकेत क्रँक सेन्सरकडून किंवा वितरकाकडून मिळाला, तरच संगणक रिले पुन्हा ओढतो. अपघातात इंजिन थांबले आणि नळी फुटली, तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये यासाठी ही योजना आहे. तिचा व्यावहारिक अर्थ असा की, क्रँक सेन्सर बिघडल्यास पंप सुरुवातीला दोन सेकंद गुणगुणतो आणि सेल्फ मारताना मात्र मुका राहतो. अशा वेळी स्पार्कही मिळत नाही. स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम नाहीसे झाले असतील, तर पंपावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

जनरल मोटर्सच्या १९८८ ते १९९५ या काळातील पिकअपमध्ये रिलेला समांतर अशी दुसरी वाट होती. इंजिनाच्या ऑइलचा दाब थोडा वाढला की एक स्विच जुळे आणि पंपाला रिलेशिवाय वीज मिळे. रिले निकामी झालेली अशी गाडी बराच वेळ सेल्फ मारल्यावर, ऑइलचा दाब तयार झाल्यानंतर, सुरू होते. 'सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो, मग दिवसभर ठीक चालते' ही तक्रार घेऊन आलेल्या मालकाला कित्येकदा नवा पंप विकला गेला, आणि दोष मात्र अगदी किरकोळ किमतीच्या रिलेत होता.

फोर्डच्या इंधन अंतःक्षेपण असलेल्या जुन्या पिकअपमध्ये परिपथात आणखी एक दुवा असे, तो म्हणजे धक्का-स्विच. त्यात चुंबकाने जागी धरलेली पोलादी गोळी असते. जोराचा धक्का बसला की गोळी चुंबकापासून सुटते आणि पंपाची वीज तुटते. हा स्विच चालकाशेजारील प्रवाशाच्या पायांपाशी, बाजूच्या आवरणामागे बसवलेला असतो. अपघात नसतानाही खड्ड्यात चाक आदळल्याने किंवा सामानाचा फटका बसल्याने तो उडू शकतो. वर आलेली कळ दाबली की तो पूर्ववत होतो. मात्र ती दाबण्यापूर्वी गाडीखाली पेट्रोल गळत नाही ना, वास येत नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. स्विच त्यासाठीच उडालेला असू शकतो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत रिलेऐवजी किंवा रिलेच्या जोडीला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो वीज तुकड्यातुकड्यांनी देऊन पंपाचा वेग कमीजास्त करतो. फोर्ड एफ-१५० च्या २००४ ते २००८ या पिढीत हा नियंत्रक स्टेपनीच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीवर बसवलेला होता. ॲल्युमिनियमचे कवच आणि पोलादी पट्टी यांच्यामध्ये पाणी साचून कवच गंजत असे व पंप बंद पडे. अशा परिपथात साध्या मल्टीमीटरने मिळणारा आकडा सरासरी असतो. तो १२ व्होल्टपेक्षा कमी दिसला म्हणून तार खराब आहे असा निष्कर्ष काढू नये.

प्राथमिक तपासणी

टाकीत पेट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न होय. तो बाळबोध वाटतो. परंतु पातळी दाखवणारा तरंगक पंपाच्याच संचात असतो आणि तो अडकला की काटा अर्धी टाकी दाखवत राहतो. पाच लिटर पेट्रोल ओतून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. दोन टाक्या असलेल्या जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये टाकी निवडण्याचे बटण दुसऱ्या बाजूला करून पाहावे. एका टाकीवर गाडी चालते आणि दुसरीवर नाही, एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र पुष्कळ आक्रसते.

त्यानंतर कान लावणे. शांत जागी एकाने चावी 'ऑन' करावी, सेल्फ मारू नये. दुसऱ्याने पेट्रोल भरण्याच्या तोंडाशी ऐकावे. दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली तर पंप फिरतो आहे. काहीच ऐकू आले नाही, तर पुढची पायरी घ्यावी. डॅशबोर्डवरील चोरीरोधक यंत्रणेचा दिवा लुकलुकत असल्यास आधी त्याचा छडा लावावा, कारण काही गाड्यांत ही यंत्रणा इंधनपुरवठाच रोखते. बॅटरी उतरलेली असतानाही संगणक आणि रिले विचित्र वागतात. सेल्फ जड फिरत असेल तर प्रथम बॅटरी चार्ज करावी. तसेच सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक काळ मारत राहू नये.

जाणते कारागीर या टप्प्यावर टाकीला खालून रबरी हातोड्याने किंवा हाताच्या मुठीने ठोकून पाहतात. ठोकताच पंप सुरू झाला, तर मोटरचे ब्रश झिजलेले आहेत हे जवळजवळ निश्चित समजावे. ही युक्ती टाकीतील पंपांपेक्षा जुनी आहे: ब्रिटिश मोटारींतील एसयू बनावटीचा विजेचा पंप संपर्कबिंदू जळाल्यावर असाच ठोकून सुरू करीत असत. गाडी घरापर्यंत नेण्यापुरता हा उपाय कामी येतो. दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी त्यावर विसंबणे म्हणजे आडरानात अडकण्याची तयारी होय.

फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्यांनी पाहून ठरवू नये. त्याची तार शाबूत दिसते आणि टोकाशी तुटलेली असते. टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून फ्यूजच्या दोन्ही उघड्या टोकांना आळीपाळीने स्पर्श करावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. फ्यूज उडालेला असल्यास त्याच क्षमतेचा नवा घालावा. तोही उडाला, तर पंप जाम झाला आहे किंवा तारेचे आवरण घासून ती चासीला टेकली आहे. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार असून, दुर्दैवाने तो आपल्याकडे सर्रास आढळतो.

रिलेच्या पायांवर बहुधा जर्मन मानकाचे आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ हे आतील गुंडाळीचे पाय, ३० हा बॅटरीकडून येणारा आणि ८७ हा पंपाकडे जाणारा. हॉर्नचा रिले त्याच बनावटीचा व त्याच क्रमांकाचा असेल, तर त्या दोहोंची अदलाबदल करून पाहणे ही सोपी परीक्षा आहे. रिले 'टिक' करतो म्हणजे तो चांगला आहे, असे मात्र नव्हे. गुंडाळी ओढते आणि आतील संपर्कबिंदू जळलेले असतात, असे पुष्कळदा घडते.

रिले काढून त्याच्या बैठकीत ३० आणि ८७ ही टोके फ्यूज असलेल्या तारेने क्षणभर जोडणे ही या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत उपयुक्त चाचणी म्हणता येईल. पंप सुरू झाला, तर पंप, त्याच्याकडे जाणारी तार आणि अर्थ हे तिन्ही निर्दोष ठरतात, आणि शोध रिले व संगणकाच्या बाजूला वळतो. सुरू झाला नाही, तर दोष रिलेपासून टाकीपर्यंतच्या भागात आहे. एका जोडणीने परिपथाचे दोन भाग होतात आणि त्यांपैकी एक बाद होतो. चुकीची टोके जोडली गेल्यास मात्र संगणक जळू शकतो. म्हणून बैठकीवरील आकडे वाचल्याशिवाय ही चाचणी करू नये. वर उल्लेखिलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत याच कामासाठी रिलेजवळ एक मोकळे टोक मुद्दाम ठेवलेले असे. त्याला बॅटरीची धन तार फ्यूजमधून लावली की पंप थेट चालतो.

भाराखालील विद्युतदाब

दोष टाकीच्या बाजूला आहे असे ठरल्यावर पंपाच्या कपलरपाशी वीज पोहोचते का ते पाहतात, आणि बहुतेक चुका येथेच होतात. कपलर सोडवून, त्याच्या मोकळ्या टोकांवर मल्टीमीटर लावला असता १२ व्होल्ट दिसतात. वीज येते आहे, म्हणजे पंपच खराब, असा निष्कर्ष काढला जातो. नवा पंप बसवल्यावर तोही चालत नाही.

याचे कारण ओहमच्या नियमात आहे. चांगल्या मल्टीमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो. तार गंजून तिचा एकच धागा शिल्लक असला, तरी एवढा प्रवाह त्यातून सहज जातो आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पंपाला मात्र साधारण ४ ते ८ अँपिअर प्रवाह लागतो. गंजलेल्या सांध्याचा रोध १ ओहम आहे असे धरले, तर ५ अँपिअर प्रवाह वाहताना त्या सांध्यावरच ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि पंपाच्या वाट्याला ७ व्होल्ट येतात. मोटर फिरत नाही, किंवा फिरली तरी दाब देत नाही.

म्हणून मोजणी भार चालू असताना करावी लागते. कपलर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने मीटरची सुई आत सरकवून, पंपाला वीज मिळत असतानाचा विद्युतदाब पाहावा. तो बॅटरीच्या दाबापेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी असता कामा नये. नंतर मीटरचे एक टोक पंपाच्या अर्थ तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावे. येथे शून्याजवळचा आकडा अपेक्षित आहे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थची जोडणी खराब आहे. मल्टीमीटर नसल्यास इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पंपाच्या जागी जोडून पाहता येतो. तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढतो, त्यामुळे सडलेल्या तारेवर तो मंद लागतो किंवा लागतच नाही. ही परीक्षा उघड्या टाकीपाशी कधीही करू नये.

भाराखाली पूर्ण विद्युतदाब आहे, अर्थ चांगला आहे आणि तरीही पंप मुका आहे, असे दिसले तरच पंप दोषी ठरतो. प्रवाहमापक लावल्यास त्याचा प्रकारही कळतो. प्रवाह शून्य असल्यास ब्रश झिजले आहेत किंवा आतील तार तुटली आहे. प्रवाह प्रमाणापेक्षा खूप जास्त असल्यास मोटर जाम आहे.

पिकअपमधील विशेष अडचणी

मोटारगाडीत पंपाची तार बहुधा आसनाखालून, कोरड्या जागेतून जाते. पिकअपमध्ये ती चासीच्या बाजूने उघड्यावर जाते आणि चिखल, पाणी व दगड यांचा मारा सहन करते. अमेरिका व कॅनडाच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे अर्थची तार चासीला ज्या स्क्रूने जोडलेली असते तो गंजणे ही नित्याची बाब आहे. कोकण आणि गोव्यात बर्फातील मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून खारे पाणी चासीवर ठिबकत राहते आणि त्याचा परिणाम तोच होतो. अर्थचा स्क्रू काढून, खालची जागा चकचकीत होईपर्यंत घासून तो पुन्हा घट्ट बसवणे, एवढ्यानेही काही 'मेलेले' पंप जिवंत होतात. ट्रेलरच्या दिव्यांसाठी मागून जोडलेल्या तारा आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग ही आणखी दोन ठिकाणे तपासण्याजोगी असतात.

पिकअपची एक सोयही आहे. टाकी हौद्याच्या खाली असते. पूर्ण टाकी खाली उतरवण्याऐवजी हौद्याचे बोल्ट सोडवून तो एका बाजूने उचलला, किंवा तीनचार माणसांनी उतरवून ठेवला, की पंपाचा संच वरून हाताशी येतो. टाकी भरलेली असल्यास हा मार्ग विशेष सोईचा पडतो.

पंप निकामी होण्याची कारणे

टाकी नेहमी तळाला ठेवून गाडी चालवण्याची सवय हे पहिले कारण होय. पेट्रोल कमी असले की पंपाला थंडावा मिळत नाही आणि वळणावर तो क्षणभर हवाच ओढतो. तळाशी साचलेली घाण जाळीत अडकते. फिल्टर तुंबला की मोटरवरील भार वाढतो. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर व प्लास्टिक त्याने फुगते. गाडी महिनोन्‌महिने उभी असल्यास टाकीच्या तळाशी पाणी साचून पंप गंजू शकतो.

कधी दोष निर्मितीतच असतो. २०२० मध्ये टोयोटाने टॅकोमा व टुंड्रा या पिकअपसह लाखो वाहने परत बोलावली. त्यांतील पंपांचा प्लास्टिकचा प्रेरक पेट्रोल शोषून फुगत असे आणि कवचाला घासून पंप थांबे. होंडानेही भारतात पंपातील प्रेरकाच्याच दोषासाठी वाहने परत बोलावली होती. म्हणून स्वखर्चाने पंप बदलण्यापूर्वी आपल्या गाडीचा चासी क्रमांक अशा यादीत आहे का, हे अधिकृत विक्रेत्याकडे विचारून घेणे हिताचे असते.

नवा पंप बसवताना जाळी आणि बाहेरचा फिल्टर बदलावा, टाकीचा तळ पुसून घ्यावा आणि काळवंडलेला कपलर पुन्हा वापरू नये. जळालेल्या कपलरमुळे नवा पंपही थोड्याच काळात बंद पडल्यासारखा वाटतो आणि दोष नव्या पंपाच्या माथी मारला जातो.

सुरक्षितता

पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. टाकीचे काम खड्ड्यावर करू नये. उघड्या, हवेशीर जागी करावे. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. नळी सोडण्यापूर्वी तीतील दाब उतरवावा, अन्यथा पेट्रोलचा फवारा थेट चेहऱ्यावर येतो. हातदिव्याचा साधा बल्ब फुटून आग लागण्याचा धोका असतो. बंदिस्त एलईडी विजेरी वापरावी. कोरड्या चूर्णाचा किंवा फेसाचा अग्निशामक हाताशी असावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत जाऊन आग पसरते.

टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून आढळते. त्यात पेट्रोलचा घोट श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसांचा दाह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा व्यक्तीला उलटी करवू नये, कारण तीच इजा पुन्हा होते. तातडीने रुग्णालयात न्यावे. या कामासाठी हाताने दाबायचा रबरी पंप अल्प किमतीत मिळतो.

डिझेल आणि सीएनजी वाहने

महाराष्ट्रात भाजीपाला, दूध आणि किराणा वाहणाऱ्या पिकअप बऱ्याच अंशी डिझेलवर चालतात. त्यांना वरील पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. अनेक डिझेल इंजिनांत टाकीत विजेचा पंप नसतोच. इंजिनावर बसवलेल्या उच्चदाब पंपातील यांत्रिक भाग डिझेल ओढून घेतो. त्यामुळे चावी 'ऑन' केल्यावर टाकीतून आवाज आला नाही, याला तेथे काही अर्थ नाही. अशा गाडीने डिझेल संपल्यावर किंवा फिल्टर बदलताना 'हवा धरली' असल्यास फिल्टरवरील हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढावी लागते. नळीच्या सांध्यातून हवा शिरत असल्यास बाहेर डिझेल गळताना दिसतेच असे नाही. म्हणून पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहतात.

पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांत पेट्रोलचा पंप मात्र असतो, आणि त्याची उपेक्षाच अधिक होते. गाडी सीएनजीवर चालते म्हणून मालक टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवतो. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी सीएनजीवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. तो कोरडा फिरतो, तापतो आणि जळतो. बऱ्याच किटची गाडी प्रथम पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जाते. तेथे पंप गेला की भरलेला सिलिंडर असूनही गाडी सुरू होत नाही. अशा वाहनांत टाकी किमान पाव भरलेली ठेवणे आणि दर आठवड्यात काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवणे पंपाच्या दृष्टीने आवश्यक असते. तपासणी करताना किटच्या वायरिंगमधील पंप तोडणारा रिलेही पाहावा लागतो. तो वाहननिर्मात्याच्या आकृतीत दाखवलेला नसल्याने पुष्कळदा नजरेतून सुटतो.